ऐंशीचा आकडा

४ फेब्रुवारी, सकाळ

आमच्या गाडीवर एका वेळी नेमकं किती वजन असतं?

माहीत नाही. टायरवाल्याने आज दुकानात हे विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. तीन वर्षं राज्यशास्त्र शिकले, पण हा प्रश्न कुठल्याच पेपरात नव्हता. मी त्याला म्हटलं, वजन हा तपशील आहे, आधी धोरण ठरू द्या. तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला.

पार्श्वभूमी लिहून ठेवते. अप्पा वेल्डर. डोंगरावरच्या मोबाइल टॉवरची दुरुस्ती करतात. त्यासाठी आमच्याकडे मोठी पिकअप आहे. डबल केबिन, चारही चाकांना ताकद. मागे जनरेटर, वेल्डिंग मशीन, दोन सिलिंडर, पाइप, साखळ्या. टॉवर कंपनीने नवे अठरा टॉवर वर्षभरासाठी एकाच माणसाला द्यायचं ठरवलं आहे. अट एकच. २६ तारखेला पूर्ण सामान लादून सगळ्यात वरच्या टॉवरपर्यंत न अडकता चढून दाखवायचं. दोन प्रयत्न मिळतात. आमचे टायर गुळगुळीत झाले आहेत, त्यामुळे नवे घ्यायचे.

काल जेवताना मी जाहीर केलं की टायर मी निवडणार. अप्पा म्हणाले, निवड की. तू शिकलेली आहेस.

निकाल लागून अकरा दिवस झाले. घरातला पहिला अधिकार मिळाला.

५ फेब्रुवारी

ठराव. एक, या घरात यापुढे अंदाजाने काही घेतलं जाणार नाही. दोन, निर्णय सगळ्यांना विचारून होईल. तीन, रोज सहाला उठणार.

६ फेब्रुवारी, सकाळी ८.४०

तिसऱ्या ठरावावर पुनर्विचार चालू आहे.

प्रश्नावली तयार केली. सात प्रश्न, चार प्रती, प्रत्येक सदस्याला एक.

६ फेब्रुवारी, संध्याकाळ

उत्तरं आली. 'टायरकडून तुमच्या अपेक्षा' या प्रश्नाला आईने लिहिलंय, गोल असावेत. धाकटीने लिहिलंय, काळे. ती बारावीला आहे आणि तिला सार्वजनिक जीवनाची कसलीही जाण नाही. अप्पांनी मात्र पेन मागून घेतलं, चष्मा लावला आणि अर्धा तास बसून सातही प्रश्नांपुढे सावकाश एकच उत्तर लिहिलं: तू ठरव.

म्हणजे चारपैकी दोन मतं माझ्या बाजूने. उरलेली दोन अवैध.

८ फेब्रुवारी

दिवसभर वाचन. टायर तीन प्रकारचे. डांबरी रस्त्याचे, ते शांत आणि मवाळ. चिखलाचे, ते डोंगरावर वाघ आणि रस्त्यावर नुसता भोंगा. आणि मधले, ऑल-टेरेन, ज्यांना सगळे एटी म्हणतात. एटी म्हणजे आघाडी सरकार. रस्ताही पूर्ण खूश नाही, डोंगरही नाही, पण कुणी सोडून जात नाही. मला लगेच पटलं.

अप्पांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, मी तेच वापरतो, बावीस वर्षं.

पण त्यामागचं तत्त्व त्यांना माहीत नव्हतं.

१० फेब्रुवारी

वजनाचा प्रश्न हाती घेतला. अप्पांना विचारलं, तुम्ही वजन कसं ठरवता? त्यांनी मला मागच्या चाकापाशी नेलं आणि चाक व मडगार्ड यांच्या मध्ये आडवी बोटं धरली. चार बोटं बसली तर बरं, तीन बसली तर एक सिलिंडर उतरवायचा. मी विचारलं, कुणाची बोटं? म्हणाले, माझी.

विज्ञान असं चालत नाही. सगळं सामान लादलं आणि गाडी वजनकाट्यावर नेली. आई पुढे बसली होती, तिला वाटेत दळण आणायचं होतं. काट्यावर आल्यावर तिला म्हटलं, उतर, आकडा शुद्ध हवा. ती म्हणाली, इतक्या माणसांसमोर मला उतरवून काय कमी होतं ते दाखवणार आहेस का. उतरली नाही. काटेवाला हसला. आकडा मिळाला, पण त्यात आई आहे. आईचा वाटा किती, हे ती सांगत नाही.

शास्त्रात याला त्रुटीची मर्यादा म्हणतात.

१२ फेब्रुवारी

मोठा दिवस. टायरवाल्याकडे आकडा घेऊन गेले. त्याने तो बघितला आणि पहिल्यांदाच मला 'मॅडम' म्हटलं. या वजनाला साधा एटी चालणार नाही, टायर आतून बसेल, असं तो सांगायला लागला. मी मध्येच म्हटलं, मला ई ग्रेडचे हवेत, दहा थरांच्या ताकदीचे. मग त्याने पाच टायर काढले, चार आणि एक स्टेपनी. मी खाली वाकून प्रत्येकाच्या बाजूवरचे शेवटचे चार अंक वाचले. कितवा आठवडा आणि कुठलं वर्ष, हे तिथे लिहिलेलं असतं. दोन टायर तीन वर्षं दुकानात पडून होते. बदलून मागितले. गोदामातून नवे आले.

टायरवाला म्हणाला, इतक्या वर्षांत हे अंक वाचणारं गिऱ्हाईक तिसरं. मी विचारलं, पहिली दोन कोण? तो म्हणाला, दोन्ही वेळा तुमचे अप्पा.

निघताना म्हणाला, हवेचं तेवढं अप्पांना विचारून घ्या.

वाचन-लेखन करणाऱ्या बाईला हे असं सांगायची पद्धत समाजातून कधी जाणार?

१३ फेब्रुवारी

टायर चढले. गाडी दोन इंच उंच आणि खूप गंभीर दिसते. मी तिच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या. धाकटी म्हणाली, ताई, अगरबत्ती आणू का.

दुर्लक्ष.

१४ फेब्रुवारी

आज शोध लागला.

टायरच्या बाजूवर, कंपनीच्या नावाखाली, बारीक उठावदार अक्षरांत लिहिलंय की अमुक इतकं जास्तीत जास्त वजन, ऐंशी हवेला. ऐंशी. कागदावर नाही, रबरातच ओतून. शिलालेखासारखं. ज्यांनी टायर बनवला त्यांनीच सांगून ठेवलंय आणि आजवर आमच्या घरात कुणी वाचलं नाही.

आता आमच्याकडची परिस्थिती पाहा. ड्रायव्हरच्या दाराच्या आतल्या बाजूला अप्पांनी मार्करने लिहून ठेवलंय: पुढे ४०, मागे ५५, डोंगर २५. डोंगराच्या पायथ्याशी ते गाडी थांबवतात, उकिडवे बसतात, चारही चाकांतली हवा सोडतात, वर जातात, खाली येऊन छोट्या कॉम्प्रेसरने पुन्हा भरतात. प्रत्येक खेपेला पाऊण तास. आधी भरायची, मग सोडायची, मग परत भरायची. बावीस वर्षांचे पाऊण तास मी बेरजेला घेतले आणि मला वाईट वाटलं.

थिनरने दार पुसलं. तिथे माझा तक्ता लावला. लॅमिनेट करून. पुढे ८०, मागे ८०, डोंगर ८०. मग शेडमधल्या मोठ्या कॉम्प्रेसरवर पाचही टायर स्वतः भरले.

अप्पा संध्याकाळी आले. तक्ता वाचला. एकदाच विचारलं, "डोंगरावर पण?"

मी म्हटलं, "डोंगरावर पण."

म्हणाले, "बरं."

१५ फेब्रुवारी

इतक्या सहज सुधारणा स्वीकारणारे वडील फार कमी मुलींना मिळतात.

१७ फेब्रुवारी

आई गाडीतून बाजारात जाऊन आली. तिचं म्हणणं की तिची सगळी हाडं जागेवरून सरकली आणि अंड्यांपैकी फक्त चार अंडी राहिली. मी समजावलं की जुने टायर मऊ होते, त्यांनी आपल्याला सवय लावली होती. कणखरपणा सुरुवातीला टोचतोच. आई म्हणाली, मग अंड्यांना पण समजाव.

१९ फेब्रुवारी

धाकटी क्लासला गाडीतून गेली, परत चालत आली. साडेतीन किलोमीटर. विचारलं तर म्हणाली, चालणं तब्येतीला चांगलं.

कट शिजतो आहे. मला कळतं.

२३ फेब्रुवारी, दुपार

टायरवाला शेडमध्ये आला होता, अप्पांकडून दुकानातली टायर रचायची लोखंडी घोडी जोडून घ्यायला. जाता जाता सवयीने त्याने आमच्या पुढच्या टायरवर पान्याने ठोका दिला. टण्ण असा आवाज आला. तो थांबला. मागच्या टायरवर ठोका दिला. विचारलं, किती भरलीय ही? मी तक्ता दाखवला. तो काहीतरी बोलायला लागला, तेव्हा मी त्याला शांतपणे सांगितलं की हा माझा आकडा नाही, कंपनीचा आहे, तक्रार असल्यास तिथे करावी.

मग तो अप्पांकडे वळला आणि हळू आवाजात म्हणाला, अहो, तुम्ही तरी. अप्पा काच लावून वेल्डिंग करत होते. काच वर केली.

"पोरीने अभ्यास करून लावलंय," अप्पा म्हणाले. "राहू दे."

तो मान हलवत गेला.

इथे नोंद करावीशी वाटते की अनुभवाने शिक्षणापुढे जाहीरपणे माघार घेतली, साक्षीदारासमोर. दिवस चांगला.

२५ फेब्रुवारी

उद्या चाचणी. ठराव: शांत राहणार. श्रेय घेणार नाही. विचारलं तरच सांगणार की टायर कुणी निवडले. विचारण्याची संधी मात्र देणार.

२६ फेब्रुवारी, सकाळी ६.२०

सहाच्या आत उठले. इतिहास घडणार असला की शरीर साथ देतं.

२६ फेब्रुवारी, दुपारी २

घडला.

२६ फेब्रुवारी, संध्याकाळ

नीट लिहून काढते, नाहीतर लोक हवं ते सांगतील.

पायथ्याशी टॉवर कंपनीच्या इंजिनिअर बाई उभ्या होत्या, हातात फॉर्म. अप्पांनी सवयीने गाडी थांबवली, उतरले, पुढच्या चाकापाशी उकिडवे बसले, वॉल्व्हचं टोपण काढलं. मग माझ्याकडे बघितलं. मी दाराच्या आतल्या तक्त्याकडे बोट केलं. अप्पांनी टोपण परत लावलं. हाताने नीट पिळून लावलं आणि पँटला हात पुसले.

पहिलं वळण झालं. दुसरं झालं. तिसऱ्यावर सगळा रस्ता सुट्या खडीचा. तिथे गाडी चालायची थांबली आणि उड्या मारायला लागली. चाकं खडीवर नुसती नाचत होती, पकडत काहीच नव्हती. मागे जनरेटर साखळीला हिसके देत होता. मग गाडी मागे घसरू लागली. माझ्या बाजूला खिडकीतून रस्ता दिसत नव्हता, फक्त दरी.

अप्पांनी ती तशीच, आरशात बघत, दोन वळणं उलटी खाली आणली. एक दगडसुद्धा दरीत गेला नाही. सगळा वेळ मला सांगत होते, दार धरू नकोस, आत सरक.

दुसरा प्रयत्नही तिसऱ्या वळणापर्यंतच.

बाईंनी विचारलं, काय झालं? मी बाजूलाच उभी होते. तक्ता सुटून पडला होता, तो माझ्याच हातात होता.

अप्पा म्हणाले, "माझा हात चुकला."

बाईंनी शेऱ्याच्या चौकटीत लिहिलं: चालकाला चढाचा अनुभव नाही.

औपचारिक प्रसंगी मध्येच बोलणं शिष्टाचाराला धरून नसतं.

२७ फेब्रुवारी

अपयशाची कारणं. खडी गोल होती, कोनदार हवी होती. ऊन डोळ्यांवर होतं. कुणी फॉर्म हातात घेऊन समोर उभं राहिलं की कुणावरही दडपण येतं. आई सामानात नव्हती, पण काट्यावर होती, म्हणजे मूळ आकडाच बिघडलेला.

तक्ता निर्दोष.

२८ फेब्रुवारी, सकाळ

तलावापलीकडच्या टॉवरवरून फोन आला. तिथलं काम अप्पांकडे नऊ वर्षं आहे. उद्या येऊ नका म्हणाले. शेरा कंपनीच्या यादीत चढला आहे आणि ज्याच्या नावापुढे तसा शेरा असतो त्याला कुठल्याच डोंगरावर सोडत नाहीत. जुन्या कामांवरसुद्धा नाही. वर्षाचं नवं काम गेलं ते गेलंच, हातातलीही निघाली.

अप्पा गाडी धुत बसले आहेत. काल धुतलेली.

धाकटीने आज मला एकही टोमणा मारला नाही. उलट चहा आणून दिला. मला भीती वाटली.

१ मार्च

टायरवाल्याकडे गेले. तक्रार करायला. टायर सदोष आहेत, हे मी दुकानात सगळ्यांसमोर ठासून सांगितलं. त्याने स्टूल दिलं. म्हणाला, टायर तुम्ही एक नंबर निवडलेत, मी स्वतः ह्याहून चांगले निवडले नसते. हवेचं कुणाला विचारलंत?

मी म्हटलं, "टायरलाच. त्याच्यावर लिहिलं होतं."

तो म्हणाला, "मॅडम, लिफ्टमध्ये लिहिलेलं असतं, दहा माणसं. म्हणून तुम्ही खाली थांबून दहा जण गोळा करता का?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं. ते लांब होतं. लिफ्ट आणि टायर यांच्यात मूलभूत फरक आहे, हे मी सांगायला सुरुवात केली आणि बोलता बोलता तो फरक मला सापडेना.

मग त्याने एक जुना टायर आणला, थोडी हवा सोडली आणि दगडावर दाबला. रबर दगडाभोवती बसलं, तळहाताने धरावं तसं. मग तोच टायर टण्ण भरला. दगड उडून माझ्या पायावर आला.

पाय सुजला आहे. हे वेगळं.

१ मार्च, दुपार

तरीही माझं म्हणणं आहे की 'जास्तीत जास्त' हा शब्द कंपनीने जास्त ठळक छापायला हवा होता. तो आहे तिथे. मी वाचला होता. १४ तारखेला मी स्वतः इथे उतरवूनही घेतलाय. पण ठळक नाही.

२ मार्च

शेडमध्ये अप्पांना एकटं गाठलं. विचारलं, तुम्हाला माहीत होतं ना? टोपण काढलं होतंत. मग का लावलंत परत?

अप्पा साखळीला तेल देत होते.

मग म्हणाले, "तू शाळेत गेलीस तेव्हापासून सगळ्यांना सांगत आलोय, पोरगी शिकली की मी तिचं ऐकणार. लोक हसायचे. आता ऐकायची वेळ आली आणि पहिल्याच चढाला टोपण उघडू?"

मी म्हटलं, मी चुकले असते तर?

म्हणाले, "तेच बघत होतो. वाटलं, न जाणो, बरोबर असेल. पुस्तकात असतात अशा गोष्टी."

आणि मग, साखळी उलटी करून, "तिसऱ्या वळणावर कळलं."

मी विचारलं की बाईंना तुमचा हात चुकला असं का सांगितलंत. ते म्हणाले, मग काय सांगायचं, माझ्या पोरीचं डोकं चुकलं? आता हात चुकलेल्या माणसाला दुसरा हात आहे. तुझं अजून काही सुरूच झालेलं नाही.

यावर मी एक मुद्देसूद उत्तर देणार होते. शेडमध्ये वेल्डिंगचा धूर असतो, त्याने डोळ्यांत पाणी येतं आणि बोलता येत नाही. मशीन बंद होतं, पण धूर राहतो.

३ मार्च, सकाळी ७

ठराव नाही. बाहेर जाते आहे. घरी सांगितलं, ग्रंथालयात.

३ मार्च, संध्याकाळ

टॉवर कंपनीच्या ऑफिसात गेले. दोन तास बाकावर. शेजारी पंखा दुरुस्त करणारा माणूस बसला होता, त्याने सुजलेल्या पायाचं विचारलं. दगड लागला म्हटलं. त्याला पुरलं.

इंजिनिअर बाईंनी मला ओळखलं. मी उभ्यानेच सांगितलं की हात अप्पांचा चुकला नाही, हवा ऐंशी होती आणि ती मी भरली होती. त्यांनी पेन खाली ठेवलं. विचारलं, ऐंशी? डोंगरावर? मी हो म्हटलं. म्हणाल्या, आणि त्या हवेवर त्या माणसाने लादलेली गाडी दोनदा उलटी खाली आणली? मी हो म्हटलं.

वर्षाचं काम गेलंच आहे. दुसऱ्या कुणाला दिलं, त्याने सुरूही केलं. त्यावर मी पारदर्शकतेबद्दल थोडं बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ते नाही होणार. शेरा मात्र बदलता येतो, पण कुणीतरी लेखी जबाबदारी घ्यायला हवी, आणि मग तो कागद फाइलमध्ये कायमचा राहतो.

मी जबाब घेऊनच गेले होते. चार पानं, तीन भाग: पार्श्वभूमी, कारणमीमांसा, शिफारशी. बाईंनी पहिलं पान वाचलं, उरलेली तीन परत दिली. म्हणाल्या, चौकट एवढीच आहे, आणि बोटांनी आगपेटीएवढी दाखवली.

मग त्यांनी जुन्या शेऱ्यावर रेघ मारली आणि खाली स्वतःच लिहिलं: चालक उत्तम. टायरमध्ये हवा फार. हवा मुलीने भरली.

पुढे रिकामी जागा सोडून कागद माझ्याकडे फिरवला. तलावापलीकडच्या टॉवरला आजच कळवते, म्हणाल्या.

'मुलीने भरली' एवढंच म्हटलं की ती खेळता खेळता भरल्यासारखी वाटते. किमान 'अभ्यासाअंती' हा शब्द हवा होता. शिवाय 'हवा' एकाच शेऱ्यात दोनदा आली आहे. असे माझे दोन गंभीर आक्षेप होते.

सही केली. मग सांगितले.